जीनवर चाललो

तुम्ही चांदूरला उतरता तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले असतात आणि सकाळचं ऊन फलाटाच्या अर्ध्यापर्यंत आलेलं असतं. अमरावती जिल्ह्यात चांदुरं दोन. एक बाजाराचं, एक रेल्वेचं. लग्नपत्रिकेवर पुढचा शब्द लिहायला विसरलात तर अख्खं वऱ्हाड भलत्याच मांडवात जाऊन बसेल. तेव्हा एका नावाचे दोन धनी असणं ह्या गावाला काही नवं नाही.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर धोतर-टोपीतले एक काकाजी मोबाइलमध्ये ओरडतायत, "अरे, जीनवर चाललो ना मी! जीनवर! गाडी भरून पुढे गेली." तुम्ही नकळत स्वतःच्या पँटकडे बघता. निळी, गुडघ्यावर फाटलेली, आणि फाटलेली म्हणूनच महाग. काकाजींच्या नजरेतून ते सुटत नाही.

"ते नाही राजेहो," ते हसतात. "कापसाची सरकी काढतेत, ते जीन. तुमच्या आंगावर हाय ते शेवटचं टोक. मी चाललो ते मधातलं."

एवढा एक शब्द कानात धरून ठेवा. आजचं तुमचं तिकीट तेच. ज्या काळात कुणी तो उच्चारेल, त्या काळात तुम्ही उतराल. फक्त आपल्या मनातला अर्थच समोरच्याच्या मनात आहे, असं धरून चालू नका.

पहिला हिसका लहानसाच बसतो. 1980 नंतरच्या एका डिसेंबरातली रात्र. डांबरी रस्त्याच्या कडेनं बैलगाड्यांची रांग लागलीय, तिचं दुसरं टोक अंधारात दिसत नाही. बैल सोडलेले, पुढ्यात कडबा. गाड्यांत बोऱ्यांच्या वर दाबून भरलेला कापूस आणि त्यावर घोंगडी घेऊन पडलेली माणसं. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू आहे: घरचा कापूस व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारलाच द्यायचा. त्यामुळे पिकलं की सगळ्यांना एकाच फाटकाशी यावं लागतं. कुणाला इथं दुसरी रात्र, कुणाला तिसरी. भाकरी संपल्या की घरून पोरगं सायकलवर डबा घेऊन येतं.

"जीन केव्हा उघडनार?" तुमच्या शेजारच्या गाडीतून आवाज येतो.

"उघडन सकाळी. ग्रेडर आला पाहिजे ना."

ग्रेडर हा ह्या रात्रीतला सगळ्यात वजनदार शब्द. तो सकाळी येईल, कापसात हात घालील, चिमटीत धागा ओढून बघील आणि एक प्रत सांगील. त्या प्रतीवर पोरीचं लग्न ह्या वर्षी की पुढच्या, हे ठरतं. मग काटा, मग पावती, आणि चुकारा कधी तरी पुढे. मालाच्या पैशाला वऱ्हाडात चुकारा म्हणतात. त्याची वाट बघण्यात इथल्या एका पिढीची उमेद गेली.

फाटक उघडतं आणि तुम्ही आत शिरता. आत पहिल्यांदा दिसतो तो कापूस नाही, हवा दिसते. पांढरी, तरंगणारी, नाकातोंडात जाणारी. ओळीनं यंत्रं, यंत्रापुढे डोक्याला फडकं बांधून बसलेल्या बाया, हातानं कापूस आत सारणाऱ्या. चामड्याचा रूळ तंतू ओढतो, पातं सरकीला मागेच अडवतं. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. क्विंटलभर कापसाची साधारण 34 किलो रुई होते. उरते ती सरकी, तिचं तेल आणि ढेप. पऱ्हाटीवर बोंड फुटलं तेव्हापासून जे एकत्र होतं ते इथं वेगळं होतं. एक गिरणीच्या वाटेला लागतं, दुसरं गाईच्या घमेल्यात जातं. आवाज इतका की बाया खुणांनी बोलतात.

काट्यापाशी दोन माणसं भेटतात. एकमेकांना हात जोडून म्हणतात, "जय जिनेंद्र."

आणि तुमच्या पायाखालची फरशी निसटते.

हे 1939. अमरावती. समोर टेबलावर छापखान्यातून आलेले कच्चे कागद, ओली शाई. किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक हीरालाल जैन ते वाचतायत. षट्खंडागमाचा पहिला खंड ह्या गावातून बाहेर पडतोय. मूळ जैन ग्रंथ प्राकृतात, त्यावर वीरसेनाचार्यांची धवला टीका. ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत लिहिलेली ही पोथी शतकानुशतकं दूर कर्नाटकात मूडबिद्रीला बंदोबस्तात राहिलेली. बाहेर त्याच गावात रुईच्या गाठी बांधल्या जातायत आणि आत हा माणूस हजारएक वर्षांची गाठ सोडवतोय. ह्या कामाकडे ते अचानक वळले नव्हते. इथून फार लांब नसलेल्या कारंजा लाडच्या जैन मंदिरांतली हस्तलिखितं त्यांनी आधीच धुंडाळली होती, त्यातली अपभ्रंश काव्यं छापून उजेडात आणली होती. वऱ्हाडाचं नाव काढलं की लोक कापूसच बोलतात. ह्या पोथ्यांबद्दल कुणी बोलत नाही, ही माझी जुनी तक्रार.

कागदावर पुन्हा पुन्हा तोच शब्द. पण इथं 'जि' ऱ्हस्व. जिन. संस्कृत 'जि' धातू, जिंकणं. ज्यानं राग, लोभ, स्वतःला जिंकलं तो जिन; त्याच्या मागून जाणारा तो जैन. आपलं साधं 'जिंकणं'ही ह्याच घरातलं. मराठी शुद्धलेखनाचा नियम इथं मदतीला येतो: शेवटी अकार असेल तर आधीची वेलांटी दीर्घ, पण संस्कृतातून जसा आला तसा शब्द असेल तर ऱ्हस्वच. म्हणून देवाचा जिन आखूड आणि यंत्राचं जीन लांब. कागदावर भेद चोख. कानाला विचाराल तर तो दोघांनाही एकाच बाकावर बसवतो.

तुम्ही बाहेर येता तोच लांबून भोंगा होतो. कामगारांना हाक. तो ऐकत ऐकतच तुम्ही आणखी मागे घसरता.

आता पुन्हा चांदूर, पण ओळखू येत नाही. रूळ नवे कोरे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली, त्याला दोन-चार वर्षंच झालीयत. वऱ्हाड 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि अचानक ह्या काळ्या मातीकडे साऱ्या जगाची नजर वळली. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला 'ऊमरा' म्हणतात. म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. शेपूट समुद्रात पडलं. ह्या एका पिकासाठी सरकारनं कॉटन कमिशनर नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलाय, हॅरी रिव्हेट-कार्नाक. ज्वारीसाठी कुणी नेमला नाही, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

स्टेशनालगत लाकडी खोकी उघडली जातायत. आत लोखंड. घामाघूम झालेला एक गोरा मेकॅनिक त्यावर थाप मारून म्हणतो, "जिन."

जमलेली गडीमाणसं एकमेकांकडे बघतात. त्यांना हा शब्द नवा नाही. एक जण घोड्याच्या पाठीकडे बघतो. दुसरा, वयानं मोठा, दोन पावलं मागे सरतो.

त्यांचा गोंधळ तसाच राहू द्या, आधी मेकॅनिकचा शब्द बघा. तो आखूड केलेला आहे. लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे जन्मजात बुद्धी, अंगची हुशारी. फ्रेंचांनी त्याचं 'आंजँ' केलं: हुशारीनं केलेली वस्तू, यंत्र. इंग्रजांकडे ते 'एंजिन' झालं, आणि घाईच्या तोंडून पुढचं अक्षर गळून 'जिन'. म्हणजे ज्या एंजिनानं ही खोकी ओढून आणली आणि खोक्यात जे आहे, ते दोन्ही एकच शब्द. एक अख्खा, एक तुटका. एली व्हिटनीनं 1793 साली अमेरिकेत दातांचं जिन बनवलं. तिकडच्या कापसाला ते मानवलं. आपला आखूड धाग्याचा कापूस मात्र त्या दातांत फाटायचा. इथं चाललं ते फोन्स मॅकार्थीचं 1840 सालचं, चामडी रुळाचं. त्याची बनावट ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं जगभर पाठवली. गंमत अशी की दोन रुळांतून कापूस काढून सरकी मागे ठेवायची युक्ती आपल्या घरोघरच्या हातचरखीत आधीच होती. साहेबानं तिला वाफ जोडली आणि नाव दिलं. चरखी घरात होती तेव्हा सरकी घरातच राहायची, जनावराला आणि पुढच्या पेऱ्याला. नावाबरोबर कामही घरातून उठून स्टेशनापाशी गेलं. पुढे इथून दाबून बांधलेल्या 392 पौंडांच्या गाठी मुंबईला रवाना होतील.

आता तो घोड्याकडे बघणारा गडी. त्याच्या नजरेमागून जा.

डिसेंबर 1803. रूळ नाहीत, स्टेशन नाही. 29 नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. गाविलगडही लवकरच पडणार आहे. नागपूरकडे परतणारा एक स्वार विहिरीपाशी थांबलाय. घोडा फेसाळलाय. स्वार तुम्हाला कुणी गावकरी समजून हुकूम सोडतो, "जीन उतरव."

हे फारसीतलं 'झीन'. मराठीत ते घोड्यावर बसूनच आलं, लगाम आणि रिकीब ह्यांच्या सोबतीनं; सुलतानी फौजांत ज्यांनी चाकरी केली त्यांच्या तोंडी रुळलं. अचलपूर इमादशाहीची राजधानी होती, तेव्हा वऱ्हाडाला ही भाषा उंबऱ्याशीच मिळाली. तुम्ही तंग सैल करता, कातडी जीन उचलता. खाली जाड नमदा, घामानं भिजलेला: खोगीर. खोगीरही फारसीच, खोय म्हणजे घाम आणि गीर म्हणजे धरणारा. घाम धरतो म्हणून खोगीर. आपण 'खोगीरभरती' म्हणून ज्याची थट्टा करतो त्यानं घोड्याची पाठ वाचवलेली असते, एवढं त्याच्या बाजूनं बोलून ठेवतो. कापूस वाहणाऱ्या बैलाला मात्र जीन नाही, त्याच्या पाठीवर थेट बोजा. अजून बावीस-तेवीस वर्षांनी, 1825-26 साली, मुंबईचे विकाजी आणि पेस्तनजी हे व्यापारी वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेतील: 500 बैल, प्रत्येकावर 240 पौंड. बैल मोजले गेले, त्यांचे हाकणारे मोजलेले नाहीत.

अंधार पडतो. स्वार जीन झाडाच्या फांदीला अडकवू बघतो, तेव्हा विहिरीवरची म्हातारी त्याला हटकते. "त्या झाडाले नको रे बाप्पा. तिथं जिन्न हाय."

म्हातारीचा शब्द अरबी. 'ज-न-न' ह्या तीन अक्षरांत झाकलेपणाचा अर्थ आहे. दिसत नाही तो जिन्न. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत. अक्कल झाकली गेली की जुनून. स्वार निमूटपणे जीन उचलतो आणि दुसरं झाड शोधतो. अडगावला तोफांपुढे उभा राहिलेला माणूस. त्याला हसू नका. 1870 च्या फलाटावर मागे सरलेला तो वयस्कर गडी ह्याच म्हातारीचा नातू असू शकेल, आणि धूर ओकत, न दिसणाऱ्या ताकदीनं शंभर माणसांचं काम करणाऱ्या त्या खोक्याला साहेबानं स्वतःच्या तोंडानं 'जिन' म्हटल्यावर त्यानं दुसरं काय समजावं? माझं मत विचाराल तर त्या दिवशी फलाटावर त्याचाच अंदाज सगळ्यात जवळचा होता.

घोडा बिचकतो, तुम्ही आडवे होता. उठता ते बी-बियाण्याच्या दुकानात.

जून 2002. मृगाचा पाऊस कधी पडतो ह्याकडे सगळ्यांचे डोळे. मार्च महिन्यात केंद्र सरकारनं जनुक बदललेल्या कापसाला परवानगी दिलीय, महिको-मोन्सँटोच्या तीन संकरित वाणांना. पाकीट 450 ग्रॅमचं, किंमत सोळाशेच्या घरात. इस्त्रीच्या शर्टातला एक प्रतिनिधी समजावतोय, "ह्याच्यात जीन आहे. बोंडअळीनं पान खाल्लं की ती मरणार."

मागून एक जण म्हणतो, "जीन तर तिकडे टेशनापाशी हाय भाऊ. पाकिटात कसं मावलं?"

सगळे हसतात, प्रतिनिधीही हसतो. तो सांगतोय ते खरंच आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीतला जिवाणू, त्याच्यातला विष बनवणारा एक दुवा उचलून कापसात बसवलाय. त्या जिवाणूच्या नावावरून 'बीटी'. हा जीन शब्द तसा अलीकडचा. 1909 साली कोपनहेगनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन ह्यांनी ग्रीक मुळावरून तो घडवला. मराठी पाठ्यपुस्तकानं त्याला 'जनुक' म्हटलं, आणि फार नेमकं म्हटलं.

पाकिटाबरोबर आणखी एक लहान पुडी मिळते, साध्या कापसाच्या बियांची. बीटीच्या कडेनं तिच्या ओळी पेरायच्या. अळ्यांना थोडं साधं पीक खायला मिळालं तर सगळीच जात विषाला पुरून उरणारी होत नाही, असा हिशोब. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. दोन-चार एकरांच्या मालकानं अळीसाठी वेगळं पेरायचं, हे त्याला पटवून सांगायला फारसं कुणी गेलं नाही. पंधराएक वर्षांत गुलाबी बोंडअळी नुसत्या बीटीवरच नाही, दोन विषं घातलेल्या पुढच्या बीटीवरही निवांत जगू लागली. वरून हिरवं दिसणारं बोंड फोडावं तर आत किडकी कवडी.

दुकानातल्या त्या विनोदाकडे मात्र पुन्हा एकदा वळा. जीन टेशनापाशी आहे, पाकिटात कसं मावलं? ह्या फेरीत भेटलेले बहुतेक जीन एकमेकांचे कुणी नाहीत. फारसी खोगिरावरचं, अरबी झाडावरचा, संस्कृत पोथीतला: तिघं तीन गावचे, नुसते नावानं सारखे. पण इंजेनियम हा शब्द मधून फोडा. 'इन' म्हणजे आत आणि 'गेन' म्हणजे जन्मणं. योहान्सननं घेतलेलं ग्रीक मूळही 'गेन', तेच जन्मणं. आणि संस्कृतात त्यांचा सख्खा भाऊ: जन्. जन्म, जनक, जननी, जनुक. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेले तिघे. एक रोमहून फ्रान्स, इंग्लंड करत लोखंड होऊन स्टेशनापाशी आला. दुसरा ग्रीसहून कोपनहेगन करत बियात शिरला. तिसरा इथंच होता, शाळेच्या पुस्तकात. वऱ्हाडातल्या कापसाच्या ढिगात तिघांची भेट झाली तेव्हा कुणी कुणाला ओळखलं नाही. शेतकऱ्यानं दोघांना एका नावानं हाक मारली ती थट्टेत, पण तो बरोबर होता.

आता परत या. टपरीवरचा चहा निवलाय.

तुमच्या पँटचा हिशोब तेवढा राहिला. तो लवकर मिटतो. इटलीतलं जेनोआ बंदर, फ्रेंच त्याला 'जेन' म्हणत, तिकडच्या जाड्याभरड्या कापडाचं इंग्रजीत 'जीन' झालं. आपल्याकडे जीनची पँट होती, मग अनेकवचनासकट जीन्स आली. नव्वदीच्या दशकात रेमंडनं यवतमाळला डेनिमचा कारखाना काढला, म्हणजे ह्या टोकाचं कापड ह्याच मुलखात विणलं जाऊ लागलं. दारूच्या जिनची चौकशी करू नका. ती जुनिपरच्या फळावरून डच भाषेतून आली, आणि चांदूरच्या पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा लागतो.

काकाजींबरोबर तुम्ही चालत जीनपर्यंत जाता. बैलगाड्यांच्या जागी आता ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो. एकाधिकार खरेदी कधीच संपली. आज भाव आत काट्यावर कळतो. काकाजी फाटकातून आत जाऊन येतात. टोपी काढतात, झटकतात, पुन्हा घालतात.

"काय म्हणतात?" तुम्ही विचारता.

"वलं हाय म्हनतेत. कापतीन पैसे." ते दगडावर बसतात. "काय जिनं हाय हे बाप्पा."

तुम्हाला क्षणभर कळत नाही, ते कुठल्या जीनबद्दल बोलतायत. वऱ्हाडीत 'ण'चा 'न' होतो. पाण्याचं पानी, कोणाचं कोन. कोशात हा शब्द 'जिणं' म्हणून सापडेल, 'जीव्' धातूखाली, ह्या साऱ्यांपासून वेगळा.

रांगेत त्यांची गाडी अजून नववी आहे.